उताराचा मान

आमच्या खोऱ्यात उतारावरच्या, म्हणजे नदी ओलांडायच्या जागेवरच्या, न्याहारीचा एक नियम आहे. तो कुणी कधी लिहून ठेवला नाही, पण मोंटाना सरकारचे कायदे खिशात घालून फिरणारे महाभागसुद्धा हा नियम मोडत नाहीत. जूनमध्ये गुरं विलो नदीपलीकडच्या उन्हाळी कुरणांवर न्यायची असतात. त्या सकाळी काठावर चूल पेटते, गाळ खाली बसावा म्हणून अंडं फोडून घातलेली कॉफी उकळते, आणि जो कुणी ती किटली उचलून सगळ्यांच्या कपात ओततो, त्या दिवशी नदीवर हुकूम त्याचा. बाकीच्यांनी कप पुढे करायचा. कप पुढे केला म्हणजे शब्द दिला. मग तो पाण्यात जा म्हणाला तर जायचं, थांब म्हणाला तर थांबायचं, आणि आपलं शहाणपण संध्याकाळपर्यंत टोपीखाली ठेवायचं.

नियमाला कारण आहे. वाहत्या पाण्यात दोन हुकूम झाले की माणसं बुडतात. इंगा ट्वेट ह्या बाईला ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्या भयंकर हिवाळ्यात खोऱ्यातली गुरं उभ्या उभ्या गोठून मेली, तेव्हा उरलेल्या मूठभर गाई घेऊन ती गवताच्या शोधात इथे आली. पाण्याखालून तिरका जाणारा गारगोट्यांचा पट्टा तिला क्रो जमातीच्या एका म्हाताऱ्यानं दाखवला. गव्यांचे कळप तिथून जायचे तेव्हापासून त्याच्या लोकांना तो माहीत होता. पहिल्यांदा गुरं पार करताना अलीकडून इंगा सांगत होती, पलीकडून तिचा नवरा ओरडत होता, आणि मधल्या मध्ये त्यांचा गडी वाहून जाता जाता वाचला. दुसऱ्या वर्षी इंगानं सगळ्यांना आधी कॉफी पाजली आणि मगच घोड्यावर बसू दिलं. तेव्हापासून आजूबाजूची चारही घराणी आपली गुरं घेऊन ट्वेटांच्या उतारावर येतात आणि ट्वेटांच्या हातची कॉफी पितात.

इंगाचा मुलगा निल्स ट्वेट. तीसेक वर्षं किटली त्याच्या हातात होती. तो फेब्रुवारीत गेला. गुरं जूनमध्ये न्यायची होती, आणि किटली कोण उचलणार हा प्रश्न घरात कुणी तोंडातून काढला नव्हता. म्हणजे सगळे त्याचाच विचार करत होते.

अखेर आदल्या दिवशी दुपारी, स्वयंपाकघरात, थोरल्या मुलाच्या, आर्नेच्या, बायकोला राहवलं नाही.

“आई, उद्या किटली तुम्ही आर्नेच्या हातात द्याल ना?” हेझलनं विचारलं. ती बटाट्याच्या लेफ्से लाटत होती आणि तिच्या कोपरापर्यंत पीठ उडालं होतं.

सोल्वेग, निल्सची विधवा, तव्यापाशी उभी होती. लांब चपटी काठी पोळीखाली सरकवून ती उलटत ती म्हणाली, “किटलीला कडी आहे. ज्याला उचलायची तो उचलेल.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तू जाड लाटते आहेस.”

हेझलनं लाटणं आपटलं. ती काही वाईट बाई नव्हती. बावीस हिवाळे तिनं नवऱ्याला अंधारात उठून गोठ्यात जाताना पाहिलं होतं. बर्फात अडलेल्या गाईच्या पोटात हात घालून बसलेल्या आर्नेची बोटं तिनं आपल्या काखेत धरून ऊब दिली होती. त्यानं कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी मागायला ती उभी राहिली होती.

“राग्ना सहा वर्षांपूर्वी आली,” हेझल म्हणाली. “नवरा गेला, माहेरी आली, कुणी नको म्हटलं नाही. पण आल्या आल्या बाबांच्या शेजारी तिचा घोडा. आणि आर्ने धूळ खात पिछाडीला. माझ्या डोळ्यांना दिसतं हो, आई.”

“दिसतं सगळ्यांनाच.”

दिसत होतंच. शेवटच्या उन्हाळ्यांत निल्सचं कंबरडं कामातून गेलं होतं. घोड्यावर बसायचा, पण नजर पोचायची नाही. तेव्हा तो शेजारी उभ्या लेकीला हळूच विचारायचा आणि मग मोठ्यानं हुकूम सोडायचा. राग्नाचा सल्ला निल्सच्या आवाजात सगळ्या खोऱ्यानं ऐकला, आणि कुणी तसं दाखवलं नाही, कारण म्हाताऱ्याची शान राखायची होती.

“तुम्ही आई आहात,” हेझल म्हणाली. “तुम्ही दिलीत तर कुणी हूं की चूं करणार नाही.”

सोल्वेगनं तव्यावरची पोळी काढली, घडी घातली, फडक्यात ठेवली. “आईनं दिला तर तो खाऊ झाला, हेझल. मान नव्हे. मला दोन्ही पोरं सारखीच. तिसरं ते बघ, आलं वाटतं धूळ उडवत.”

तिसरा म्हणजे हाल्वर, धाकटा. बिलिंग्जला ट्रॅक्टर विकायचा. वर्षातून एकदा घोड्यावर बसायचा आणि पुढे आठवडाभर उभ्यानं जेवायचा. त्यानं गाडी लावली, आईला दुरूनच हात केला आणि सरळ घोड्यांच्या कुंपणाकडे गेला. राग्ना तिथे एका घोडीचा नाल तपासत होती.

“किती चकचकीत बूट!” राग्ना वर न बघता म्हणाली. “नदीला लाज वाटेल.”

“तुझ्याशी बोलायचंय.”

“मग खूर धर. बोलता बोलता काम होईल.”

हाल्वरनं नाइलाजानं खूर धरला. “उद्या किटली तू उचल. मी पहिला कप तुझ्यापुढे करीन. मी केला की शेजारचा फर्गस करेल, फर्गसनं केला की सगळे. शपथ घेतो.”

“तुझ्या शपथा मला माहीत आहेत. लहानपणी कोंबड्या तू सोडल्यास आणि मार मी खाल्ला.”

“तेव्हा मी सात वर्षांचा होतो!”

“आणि आता ट्रॅक्टर विकतोस. फार फरक नाही.” ती हसली, मग थांबली. “आर्नेला काय वाटेल?”

“आर्ने चांगला आहे गं. पण त्याला घाई फार.”

“घाई नाही ती. त्याला बाबा व्हायचंय, आणि बाबा झालो हे सगळ्यांनी लगेच म्हणायला हवंय.” राग्नानं घोडीचा पाय खाली सोडला आणि तिच्या मानेवर थापटलं.

राग्नाला ती किटली हवी होती. कुणाला दाखवायला नाही, आर्नेवर कुरघोडी करायला तर मुळीच नाही. नदी तिला समजायची, गुरं तिला समजायची, आणि सहा वर्षं आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर एकदा तरी ते स्वतःच्या तोंडून निघावेत असं तिला वाटत होतं. त्यात गैर काय? चाळिशीच्या बाईला एवढंही वाटू नये का?

“करशील ना कप पुढे?” तिनं विचारलं.

“सांगितलं ना,” हाल्वर म्हणाला.

सकाळी नदीवर थंडी होती. चारही घराण्यांचे स्वार आले होते. तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या गाई अलीकडच्या काठावर दाटून उभ्या होत्या आणि त्यांच्या पायांत वासरं घुटमळत होती. शेजारच्या रँचचा म्हातारा फर्गस लमाँट पाण्यात काठी बुडवून बघत होता.

“आत्ता ठीक आहे,” तो म्हणाला. “पण कालचं ऊन बघता डोंगरावरचं बर्फ सुटलंय. दुपारनंतर पाणी चढणार.”

चुलीवर कॉफी उकळली. सोल्वेगनं किटली निखाऱ्यांच्या कडेला ओढली, लेफ्सेचं फडकं उघडलं, आणि स्वतःचा कप घेऊन गाडीच्या दांडीवर जाऊन बसली. दरवर्षी ह्या वेळी निल्स पुढे व्हायचा. ह्या वर्षी किटली नुसतीच वाफ सोडत राहिली. एरवी अखंड बडबडणारे लोक एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागले.

राग्नानं हातमोजा चढवला आणि एक पाऊल टाकलं.

आर्ने तिच्याआधी पोचला. त्यानं उघड्या हातानं तापलेली कडी धरली. चटका बसलेला सगळ्यांना दिसला, पण त्यानं किटली खाली ठेवली नाही. समोर जो उभा होता त्याच्याकडे तो वळला, आणि समोर उभा होता हाल्वर.

हाल्वरनं एकदा बहिणीकडे बघितलं. मग भावाकडे. चाळिशी गाठलेला माणूस, अंगावर भारी जाकीट, पण थोरला भाऊ समोर ठाकला की अजूनही सात वर्षांचा व्हायचा. त्यानं कप आर्नेपुढे केला.

मग फर्गसनं केला. मग एकेक करत सगळ्यांनी. हेझलनं केला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. स्वारांत शेवटी आर्ने राग्नासमोर आला.

“घेतेस?” आर्नेनं विचारलं.

“ओत की,” राग्ना म्हणाली, आणि तिनं कप पुढे केला.

मी खोऱ्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली. रानटी घोडे माणसाळवणारी पाहिली, वादळात कळप राखणारी पाहिली. पण हातातोंडाशी आलेला घास गेल्यावर कुरकुर न करता कप पुढे करणारी मी एवढी एकच पाहिली. सोल्वेगनं कॉफी सर्वांत शेवटी घेतली. लेकाच्या भाजलेल्या तळव्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, “लोणी लाव त्याला.”

आणि आर्नेनं काम चोख केलं, हे सांगायलाच हवं. उगाच त्याला कमी लेखण्यात अर्थ नाही. ऊन गाईंच्या डोळ्यांवर होतं तोवर त्यानं एकही जनावर पाण्यात घातलं नाही, कारण चकाकतं पाणी दिसलं की गुरं बुजतात आणि गोल गोल फिरू लागतात. ऊन वर चढल्यावर त्यानं जाणती गाय पुढे काढली. ती गारगोट्यांच्या पट्ट्यावरून तिरकी चालत गेली, मग मधलं बेट, मग पुन्हा पाणी, आणि तिच्यामागे सगळी तांबडी रांग. पोटापर्यंत पाणी, वर फक्त पाठी आणि नाकं. वासरं आयांच्या आडोशानं पोहत होती. आर्ने प्रवाहात घोडा घालून उभा राहिला, कुणावर खेकसला नाही, कुणाला घाई केली नाही. अलीकडे गाडीच्या दांडीवर बसलेल्या सोल्वेगला वाटलं, निल्सच उभा आहे. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

दुपार व्हायच्या आत शेवटचं वासरू पलीकडे निघालं. एकही वाहून गेलं नव्हतं.

“निल्सलासुद्धा इतकं सफाईनं जमलं नव्हतं कधी,” फर्गस म्हणाला. फर्गस सहसा कौतुक करत नाही. आपल्या बायकोच्या स्वयंपाकालाही तो “चालेल” म्हणतो.

बाप गेल्यापासून पहिल्यांदा आर्नेला नीट श्वास घेता आला. त्यानं वर खिंडीकडे बघितलं. तिथे ढग जमत होते. वरच्या कुरणाच्या कुंपणापर्यंत संध्याकाळच्या आत पोचलो तर, त्याच्या मनात आलं, खोरं वर्षभर बोलेल.

तेवढ्यात राग्नाचा घोडा शेजारी आला. “आर्ने, इथेच धरू या सगळ्यांना. वासरं पिऊ देत.”

खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं ते. वासराची आई हरवली की ते शेवटचं जिथे दूध प्यायलं तिथेच तिला शोधायला जातं. मध्ये डोंगर असो की नदी, त्याला कर्तव्य नाही. म्हणून गुरं पार झाली की काठावर थांबवायची, प्रत्येक वासराला त्याची आई सापडू द्यायची, पोटभर पिऊ द्यायचं. ते ह्या काठावर प्यायलं की हा काठ त्याचं घर झाला.

आर्नेला ते माहीत नव्हतं का? तो स्वतः तेच सांगायला तोंड उघडत होता. पण तिनं आधी सांगितलं, आणि फर्गससमोर सांगितलं. आता थांबा म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, पुन्हा राग्नाचंच डोकं, आवाज तेवढा बदलला. बापाच्या बाबतीत लोकांनी ते पोटात घातलं होतं. आपल्या बाबतीत घालतील याची त्याला खात्री नव्हती.

“वर गेल्यावर पितील,” तो म्हणाला. “ढग बघ की. पुढे काढा रे!”

राग्नानं कप पुढे केला होता. ती घोडा वळवून पिछाडीला गेली.

गाई चढाला लागल्या. पुढच्या गाईंना हिरव्या गवताचा वास आला आणि त्यांनी पावलं उचलली. दमलेली वासरं मागे पडली. आधी एक थांबलं, हंबरलं. मग दुसरं. पिछाडीला राग्नाच्या पलीकडे हेझल होती. आपल्या आजूबाजूला फक्त वासरंच उरली आहेत आणि एकही गाय नाही, हे तिच्या लक्षात आलं.

“राग्ना!” ती ओरडली.

वासरं वळली होती. दोघींनी घोडे आडवे घातले, टोप्या हलवल्या, पण भुकेलं वासरू टोपीला भीत नाही. ती घोड्यांच्या पोटाखालून निघून गेली, उतारावरून धडधडत खाली, आणि थेट पाण्यात. कळपातली निम्मी वासरं तरी असतील.

आणि पाणी चढलं होतं. सकाळचा निळसर रंग गढूळ झाला होता. वासरं कशीबशी मधल्या बेटापर्यंत पोचली आणि तिथल्या झुडपांत दाटीवाटीनं उभी राहून अलीकडच्या रिकाम्या काठाकडे बघून हंबरू लागली. बेट दोन्ही बाजूंनी आकसत होतं. खालच्या अंगाला डोहात उन्मळून पडलेली झाडं अडकली होती. तिथे गेलेलं जनावर कधी बाहेर येत नाही.

आर्ने भरधाव खाली आला. त्यानं बेटाकडे बघितलं. “हाल्वर, चल! वरच्या अंगानं जाऊन मागून हाकू या!”

दोघे पाण्यात शिरले, हो हो करत ओरडू लागले. वासरं बिथरली. तीन वासरांनी भलत्याच बाजूला उडी घेतली. प्रवाहानं त्यांना उचललं, झाडांच्या फांद्यांत त्यांची पांढरी तोंडं एकदा दिसली, मग दिसली नाहीत.

काठावर राग्ना फर्गसच्या घोड्याजवळ आली. “फर्गस, गाईंना खाली आणा. इथे, पाण्याच्या कडेला.”

फर्गस हलला नाही. त्याला कळत होतं ती बरोबर आहे. बाकीच्या स्वारांनाही कळत होतं. “मी त्याच्या हातची कॉफी प्यायलोय, राग्ना,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “तूही प्यायली आहेस.”

“हो,” राग्ना म्हणाली. ती ओरडली असती तर काहीजण तिचं ऐकते, काहीजण आर्नेचं, आणि मग वासरांबरोबर माणसंही गेली असती. ती ओरडली नाही. रडायला मात्र आली होती.

ओरडली हेझल. आदल्या दिवशी सासूशी नवऱ्यासाठी भांडलेली हेझल. ती घोड्यासकट पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि तिनं गळा फाडून हाक मारली. “आर्ने! अरे ओरडू नकोस त्यांच्यावर! मरतील ती! तिला विचार! तिला विचार ना रे!”

आर्नेनं ऐकलं. पाणी त्याच्या घोड्याच्या छातीला लागत होतं. त्याला काठावरचे सगळे दिसत होते. फर्गस, लमाँटांची पोरं, शेजारची सगळी घराणी, ओळीनं, गप्प, त्याच्या शब्दाची वाट बघत. त्यांच्यातला एकही त्याचा हुकूम मोडणार नव्हता. वासरं बुडेपर्यंत मोडणार नव्हता. सकाळपासून त्याला हेच तर हवं होतं, आणि आता ते अंगावर येत होतं.

अलीकडे, गाडीपाशी उभ्या सोल्वेगला ह्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की थोरल्यानं घोडा वळवला, काठाकडे तोंड केलं, आणि डोक्यावरची टोपी काढली.

“राग्ना,” आर्ने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “आता काय करायचं ते तू सांग.”

आमच्या खोऱ्यात पुरात उडी घालणारे पुष्कळ निघतील. पण चार घराण्यांदेखत, स्वतःच्या हातानं ओतलेल्या कॉफीच्या दिवशी, धाकट्या बहिणीला हे विचारायला जी छाती लागते ती मला तरी नसती. राग्नानं एक क्षणही वाया घालवला नाही.

“बाहेर या दोघेही! तोंडं बंद ठेवा सगळ्यांनी. फर्गस, गाई खाली आणा, चालत, पळवू नका. हाल्वर, तू फर्गसबरोबर. बाकीचे माझ्यामागे. डोहाच्या बाजूला घोड्यांची ओळ लावायची, काठापासून बेटापर्यंत. कुणी हाकायचं नाही. नुसतं भिंतीसारखं उभं राहायचं.”

“सर्वांत खोल कुठे?” आर्नेनं विचारलं.

“बेटाजवळ. तिथे मी.”

“तिथे मी,” आर्ने म्हणाला. “माझा घोडा उंच आहे.”

ती “बरं” म्हणाली.

ओळ लागली. हेझलला पोहता येत नाही, तरी ती ओळीत होती. पाणी खोगिरापर्यंत आलं, घोडे थरथरत होते, कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मग चढावरून गाई आल्या. सड तटतटले होते, दूध ठिबकत होतं. पाण्याच्या कडेला येऊन त्यांनी वासरांचा आवाज ऐकला आणि एकजात हंबरडा फोडला.

बेटावरची तोंडं वळली.

एका वासरानं पाण्यात पाय टाकला. मग दुसऱ्यानं. मग सगळीच आली, नाकं वर करून, आयांच्या आवाजाच्या दिशेनं. प्रवाह त्यांना खाली ओढत होता आणि ती घोड्यांच्या कुशींवर आदळत होती. स्वार गुडघ्यानं, हातानं त्यांना पुढे सरकवत होते, एकाकडून दुसऱ्याकडे. एक अगदी लहानगं आर्नेच्या घोड्याखाली गेलं. आर्नेनं खोगिरावरून वाकून, भाजलेल्या हातानं त्याचा कान धरला आणि मग मानगूट, आणि ते हेझलकडे ढकललं. हेझलनं ते पुढे दिलं.

शेवटचं वासरू बाहेर पडलं तेव्हा बेटावर पाणी आलं होतं.

काठावर मग बराच वेळ दुसरा आवाज नव्हता. नुसतं वासरांचं पिणं, आणि आयांचं त्यांना चाटणं. त्यांच्या तोंडांना फेस आला होता, शेपट्या हलत होत्या. हाल्वर राग्नाजवळ येऊन उभा राहिला. त्याचे बूट कामातून गेले होते.

“सकाळचं...” तो म्हणाला.

“कोंबड्यांचंही राहिलंय अजून,” राग्ना म्हणाली. “जा, त्या टोकाला थांब. एकही वासरू फिरू देऊ नकोस.” हाल्वर निमूट गेला.

आर्ने डोहाकडे बघत बसला होता. ती तीन वासरं त्याच्या मनातून जाणार नव्हती. हेझल त्याच्या शेजारी येऊन टेकली. तिनं त्याचा हात हातात घेतला, तळवा उलटा करून बघितला आणि तसाच धरून ठेवला.

ऊन कलायला लागलं तसा फर्गस लमाँट घोडा घेऊन आला. चारही घराण्यांच्या वतीनं विचारायचं काम त्याचं होतं. भाऊबहिणीच्या मधोमध कुठेतरी बघत तो म्हणाला, “आज मुक्काम इथेच दिसतोय. उद्या कुठल्या अंगानं चढायचं? वरच्या सपाट सड्याच्या बाजूनं की ओढ्याच्या?”

प्रश्न कुणाला होता ते त्यानं मुद्दामच उघड केलं नव्हतं. सगळे स्वार ऐकत होते.

आर्ने उठला. “मला काय विचारतोस?” तो म्हणाला. “तिला विचार. आज, उद्या आणि पुढल्या वर्षीही.”

राग्नानं वर चढाकडे बघितलं. माणसं वाट बघत होती.

“सड्याच्या बाजूनं,” ती म्हणाली. “लांब पडेल, पण वासरांना सोसेल. आणि आर्ने, कळपाच्या पुढे तू राहायचंस. पुढची चाल तुझ्याइतकी कुणाला जमत नाही.”

“बरं, राग्ना,” आर्ने म्हणाला.